ओल जाणार कुठून?

वेल्ह्याहून केळदकडे निघालं की वाटेत पासली लागतं. एका अंगाला तोरण्याचे डोंगर, पुढे केळदचा मढे घाट आणि त्याखाली थेट कोकण. पुणे शहरात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. घाटमाथ्याला लागून असलेल्या या पट्ट्यात तो त्याच्या कित्येक पट असतो, आणि जून ते सप्टेंबर भिंतींना धड ऊन मिळत नाही. अशा मुलखात पिढ्यान्‌पिढ्या टिकलेलं घर कसं असतं, ते या खोऱ्यातल्या जुन्या वस्त्यांमध्ये अजून पाहायला मिळतं : काळ्या दगडाचं उंच जोतं, दगड-मातीच्या किंवा विटा-मातीच्या जाड भिंती, आत लाकडी खांब आणि तुळया, वर उतरतं कौलारू छप्पर, पुढे पडवी, मध्ये माजघर, बाजूला गोठा. आता या घरांच्या दुरुस्त्या सुरू आहेत. पुण्या-मुंबईला नोकरीधंद्यासाठी गेलेली कुटुंबं गणपतीला, जत्रेला, उन्हाळ्याच्या सुट्टीला येतात. वडिलोपार्जित घर पाडावं असं त्यांना वाटत नाही, पण ते ‘पक्कं करून घ्यावं’ असं मात्र मनापासून वाटतं. मग ठरलेली कामं ठरलेल्या क्रमाने होतात. भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा, सारवलेल्या जमिनीवर कोबा आणि त्यावर फरशी, कौलं उतरवून पत्रा, शेवटी ऑइलपेंट. पहिल्या वर्षी घर लख्ख दिसतं. दोन-तीन पावसाळे गेले की जोत्याच्या वर हात-दीड हात रंग फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात, मागे पांढरी भुकटी दिसते, आणि माजघरात कुबट वास कायमचा मुक्कामाला येतो. घरमालक म्हणतो, जुनी भिंत आहे, चालायचंच. माझं म्हणणं याच्या उलट आहे. ती भिंत जुनी झाल्यामुळे बिघडलेली नाही, दुरुस्तीमुळे बिघडली आहे. जुनं घर पाणी पूर्णपणे अडवून उभं राहिलेलं नसतं. आत आलेली ओल बाहेर जाऊ देऊन ते उभं असतं. ती वाट बंद केली की घर पक्कं होण्याऐवजी आतून कच्चं होत जातं.

‘कच्चं’ आणि ‘पक्कं’ हे दोन शब्द आपण बोलण्यात वापरतो तेवढे निरुपद्रवी राहिलेले नाहीत. २०११च्या सामाजिक, आर्थिक आणि जात जनगणनेत घराची नोंद भिंतीच्या आणि छपराच्या साहित्यावरून झाली. मातीची किंवा न भाजलेल्या विटेची भिंत कच्ची. भाजलेली वीट, काँक्रीट किंवा चुना-सिमेंटमध्ये बसवलेला दगड पक्का. छपराच्या बाबतीत तर हाताने घडवलेलं नळीचं कौल कच्च्यात आणि यंत्रावर दाबलेलं मंगलोरी कौल पक्क्यात. मंगलोरी कौलाचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात काढला, तिथून हे कौल पश्चिम किनाऱ्यावर आणि सह्याद्रीवर पसरलं. ते उत्तम आहे यात वाद नाही. पण कुंभाराने चाकावर फिरवून भट्टीत भाजलेलं कौलही मातीच भाजून केलेलं असतं, आणि शतकानुशतकं त्यानेच हा पाऊस झेलला. पुढे २०१६पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागाने हीच फोड आधाराला घेतली : सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगरी भागात १ लाख ३० हजार रुपयांचं साहाय्य, किमान २५ चौरस मीटरचं नवं पक्कं घर. ज्यांच्या डोक्यावर धड छप्परच नव्हतं त्यांच्यासाठी ही योजना मोलाची आहे, आणि तिच्यातच वेगवेगळ्या राज्यांतल्या स्थानिक साहित्याच्या घरांचे नमुनेही तयार करून ठेवलेले आहेत. तरीही शब्दाचं वजन समाजात पोचतं. शंभर वर्षं उभं असलेलं घर सरकारी कागदावर कच्चं आणि मागच्या वर्षी उभं राहिलेलं पक्कं ठरलं, की घरमालकाला आपल्या भिंतीची लाज वाटू लागते. ती झाकायला सिमेंटचा अर्धा-पाऊण इंची थर हाताशी असतोच.

म्हणून आधी त्या भिंतीच्या आत काय आहे ते पाहू. दोन ते अडीच फूट जाडीची जुनी भिंत एकसंध नसते. बाहेरून आणि आतून नीट बसवलेल्या दगडांची एकेक पड असते आणि मधल्या जागेत लहान दगड, कपच्या, माती भरलेली असते. सांधे मातीचे, कुठे चुन्याचे. आपला काळा पाषाण स्वतः पाणी फारसं पीत नाही. पाणी चालतं ते सांध्यांमधून. त्याचे रस्ते तीन. जमिनीतली ओल मातीच्या बारीक छिद्रांमधून वर चढते, दिव्याच्या वातीत तेल चढतं तशी. वाऱ्याबरोबर तिरपा येणारा पाऊस पश्चिमेच्या आणि नैऋत्येच्या भिंतीवर आदळतो. आणि घरातली माणसं, चूल, न्हाणी यांची वाफ आतून भिंतीत शिरते. या तिन्ही वाटांनी पाणी येणार हे बांधणाऱ्याने गृहीत धरलेलं होतं. म्हणून जोतं उंच, म्हणजे चढणारी ओल दगडातच मंदावते. वळचण लांब, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून दूर पडतात. पावसाच्या तोंडाला असलेल्या भिंतीला दरवर्षी गवताचे, कारवीचे झाप बांधायचे. आणि जे पाणी एवढं करूनही आत शिरेल त्याच्यासाठी मातीचा किंवा चुन्याचा गिलावा, जो पावसाळ्यात ओल पितो आणि दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत ती सोडतो. वर्षाला एक लांब श्वास घ्यावा तसं हे चालतं. दर सणाला होणारं सारवण हेही नुसतं स्वच्छतेचं काम नव्हतं. झिजलेला थर त्या निमित्ताने भरून निघत असे.

या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढला की काय होतं ते नेमकं समजून घ्यायला हवं, कारण सगळा वाद इथेच आहे. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट इंग्लंडमधल्या जोसेफ ॲस्पडिनने १८२४ साली घेतलं. काँक्रीटच्या चौकटीसाठी, पुलासाठी, धरणासाठी ते अजोड आहे. त्याचे गुणच जुन्या भिंतीवर दोष ठरतात. ते कडक आहे, भिंत मऊ आहे. घट्ट आहे, तर भिंत सच्छिद्र. उन्हापावसात भिंत हलते तशी हालचाल त्याला झेपत नाही, म्हणून त्याला केसासारख्या भेगा पडतातच. पावसाचं पाणी त्या भेगेतून आत खेचलं जातं, पण आत गेल्यावर बाहेर यायला त्याला तेवढीच भेग मिळते. पूर्वी जे पाणी सगळ्या भिंतीवरून उडून जात होतं ते आता गिलाव्याच्या मागे अडकतं. जमिनीतून चढलेली ओल पूर्वी जोत्याच्या वर वीतभर जाऊन सुकायची. आता तिला बाहेरची वाट नसल्यामुळे ती गिलाव्याच्या आतून आणखी वर सरकते. कोबा घातल्यामुळे खालच्या जमिनीतून उडणारी ओलही भिंतीकडेच वळते. पाण्याबरोबर जमिनीतले आणि सिमेंटमधले क्षार येतात. जिथे पाणी उडतं तिथे क्षारांचे स्फटिक होतात, फुगतात आणि पृष्ठभाग फोडतात. आपण त्याला लोणा लागला म्हणतो. अशा भिंतीवर बोटाच्या पेराने हळूच ठोकून पाहावं. चांगल्या जागी आवाज भरीव येतो, फुगलेल्या जागी मडक्यासारखा पोकळ. तो पोकळ तुकडा काढला तर त्याच्या मागे मातीच्या सांध्याचा चुरा झालेला सापडतो, आणि कधी कधी ओलसर गाराच. गिलावा बाहेरून शाबूत दिसत असताना सांधा आतून संपलेला असतो. लोणा दिसला की पुन्हा सिमेंट, त्यावर ओलरोधक रसायन, त्यावर रंग हा उपाय केला जातो. त्याने डाग दोन वर्षं लपतो आणि ओल आणखी हातभर वर जाते.

लाकडाची गोष्ट तर याहून करुण आहे. या घरांचं खरं वजन पुष्कळदा खांबांवर असतं; भिंत पडली तरी खांब-तुळयांचा सांगाडा छप्पर धरून उभा राहतो. खांब जमिनीत पुरलेला नसतो, तळखड्यावर, म्हणजे घडीव दगडावर, उभा केलेला असतो. हेतू हा की लाकडाच्या बुडाला ओल लागू नये आणि लागलीच तर वाऱ्याने सुकावी. नवी फरशी घालताना जमिनीची पातळी चार-सहा इंच वर येते, तळखडा खाली गाडला जातो आणि खांबाचं बूड सिमेंटच्या कड्यात बसतं. घर धुतलं की पाणी त्या कड्यात उतरतं आणि तिथेच राहतं. सागासारखं, ऐनासारखं कणखर लाकूडही अशा जागी आतून भुसभुशीत होतं, आणि वाळवीला ओलं लाकूड फार आवडतं. भिंतीत घुसलेल्या तुळईच्या टोकांचंही तेच. पूर्वी तिथे माती असायची, आता सिमेंट दाबून भरतात. यात आणखी एक बदल आहे, त्याचा विचार फारसा होत नाही. चुलीचा धूर छपरातून झिरपत जायचा, त्याने आढं, वासे, रिपा काळ्या व्हायच्या आणि कोरड्या राहायच्या. किडीलाही तो धूर मानवत नसे. गॅस आला, बाईच्या डोळ्यांतलं पाणी थांबलं, हे फार चांगलं झालं. पण धुराचं काम आता दुसऱ्या कशाने तरी करायला हवं : छपराखाली हवा खेळती ठेवून आणि दर काही वर्षांनी लाकडाला तेल किंवा वाळवीरोधक औषध देऊन. जुन्या व्यवस्थेतला एक भाग काढला, तर त्याच्या वाटचं काम दुसऱ्या कुणाला तरी नेमून द्यावं लागतं.

छपराकडे आलं की हरकत ताबडतोब येते : शाकारणी कोण करणार? दर वर्षी वैशाखात कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, रिपा तपासायच्या, पुन्हा लावायची. वानरांनी उड्या मारल्या की पुन्हा गळती. गावात तरुण हात उरले नाहीत, वर चढणारा माणूस मिळत नाही. ही अडचण खरी आहे आणि तिला उत्तर देताना जुन्या दिवसांचे गोडवे गाऊन भागणार नाही. मात्र पत्रा घालताना दोन गोष्टी घडतात त्या टाळता येतात. एक, पत्रा मोजून आणला जातो आणि वळचण आखूड होते. पूर्वी दोन-अडीच फूट बाहेर असलेलं छप्पर फूटभरावर येतं आणि भिंत उघडी पडते. दुसरं, कौलांच्या फटींतून हवा जायची ती बंद होते आणि पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूला दव धरतं, ते वाशांवर ठिबकतं. कौलांखाली पत्रा किंवा जाड ताडपत्रीचा थर, वर पट्ट्या आणि त्यावर मंगलोरी कौलं, असा मधला मार्ग अनेक ठिकाणी वापरात आहे. कौल फुटलं तरी घर गळत नाही, हवाही खेळते आणि शाकारणी चार-पाच वर्षांवर जाते. जुन्या भिंतींवर स्लॅब टाकणं मात्र कोणत्याही हिशोबात बसत नाही. कौलारू छपराचं वजन चौरस मीटरला साधारण ५० ते ६५ किलो. चार इंची काँक्रीटच्या स्लॅबचं २५० किलो. चौपट-पाचपट ओझं मातीच्या सांध्यांवर टाकायचं आणि वर त्याला पक्कं म्हणायचं!

मग भिंतीला काय लावायचं? चुना आणि माती. चुनखडी भट्टीत साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातलं की तो रटरटून विरतो. हा विरलेला चुना वाळू आणि विटेच्या सुरखीबरोबर घाणीत मळला जातो : गोल चर, त्यात फिरणारं दगडी चाक, पूर्वी बैलावर, आता मोटारीवर. भिंतीवर लावल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड पुन्हा घेतो आणि हळूहळू परत दगडाच्याच जातीचा होतो. घट्ट झाल्यावरही त्यातून वाफ जाऊ शकते, आणि बारीक भेग पडली तर पाण्यात विरघळलेला थोडा चुना तिच्यात जाऊन बसतो. दख्खनच्या नदीनाल्यांकाठी सापडणाऱ्या कंकराच्या चुन्यात मातीचा अंश असतो, त्यामुळे तो ओलीतही आवळतो; आपल्याकडच्या जुन्या बांधकामांना त्याचा मोठा फायदा झाला. गूळ, बेलफळ, हिरडा घालण्याला काही लोक भाबडेपणा समजतात. साखरेच्या पाण्यात चुना साध्या पाण्यापेक्षा अधिक विरघळतो हे रसायनशास्त्राला माहीत आहे, आणि गवंड्याच्या थापीखाली तो लोण्यासारखा पसरतो हे गवंड्याला. मातीच्या गिलाव्याबद्दलही असाच पुरावा आपल्या दारात आहे. पुरातत्त्व सर्वेक्षणातले रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह आणि वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक एम. एम. सरदेसाई यांनी २०१६ साली वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्याचा अभ्यास ‘करंट सायन्स’मध्ये मांडला. त्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आढळले. तंतूंनी मातीला बांधून ठेवलं, कीड दूर राहिली, आणि दीड हजार वर्षांनीही तो खडकाला धरून आहे. पासलीच्या घरात भाताचा पेंढा, ताग किंवा शेण मातीत तुडवतात त्यामागचं तत्त्व हेच.

सगळ्यात जड हरकत पुराची आहे, आणि ती पासलीच्याच तालुक्यातून निघते. १२ जुलै १९६१ला वेल्हे तालुक्यातलं आंबी नदीवरचं पानशेत धरण फुटलं, मागोमाग खडकवासला. पुण्यात मुठेकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं आणि कच्च्या विटांच्या, पांढऱ्या मातीच्या भिंती अक्षरशः विरघळून वाडे बसले. ज्या पिढीने ते पाहिलं तिने मातीवरचा विश्वास गमावला यात नवल काही नाही. मातीची भिंत साचलेल्या पाण्यात उभी राहू शकत नाही, हे मान्यच करायला हवं. जिथे पुराचं पाणी येतं तिथे ती बांधू नये आणि असलेलीही राखण्याचा हट्ट धरू नये. पण डोंगरउताराच्या गावात साचणाऱ्या पाण्याचा प्रश्न वेगळा असतो. तिथे पाणी वाहतं, आणि ते घराच्या पाठीमागे अडतं ते बहुतेक वेळा आपणच अडवलेलं असतं : घरामागे सपाटी करताना निघालेली माती भिंतीला टेकवलेली, पूर्वीची चर बुजवलेली, अंगणात पेव्हर ब्लॉक घालताना उतार घराकडे झालेला. गिलाव्याचा खर्च करण्याआधी घरामागची चर मोकळी करणं, जोतं पुन्हा उघडं करणं आणि अंगणाचा उतार बाहेर काढणं एवढं झालं तरी निम्मी ओल येईनाशी होते, आणि या कामाला फावड्याखेरीज फारसं काही लागत नाही.

दुसरी हरकत भूकंपाची. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीत हजारो माणसं दगड-मातीच्या भिंतींखाली गेली. त्याआधी ११ डिसेंबर १९६७ला सह्याद्रीच्या याच रांगेत दक्षिणेला कोयनानगर हादरलं होतं. किल्लारीनंतर मराठवाड्यात दगडाचीच भीती बसली. तिथल्या पडझडीचा अभ्यास मात्र अधिक नेमकं सांगतो. भिंतीच्या दोन पडी एकमेकींना बांधलेल्या नव्हत्या, आरपार जाणारे लांब दगड नव्हते, म्हणून हादऱ्यात दोन्ही पडी सुटल्या आणि मधला भराव खाली आला. वर ऊन लागू नये म्हणून साठवलेल्या मातीच्या धाब्याचं वजन प्रचंड होतं. लाकडी खणांचे सांगाडे अनेक घरांत भिंती पडल्यावरही उभे होते. यातून निघणारे उपाय भारतीय मानक संस्थेने १९९३मध्येच मातीच्या आणि कमी ताकदीच्या दगडी बांधकामांसाठी लिहून ठेवले आहेत : ठरावीक अंतरावर आरपार दगड, कोपऱ्यांना बांधणी, खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींना गुंफणारा लाकडी किंवा काँक्रीटचा पट्टा, हलकं छप्पर. जुन्या घरात हे नंतरही बसवता येतं. किल्लारीच्या भूकंपात न पडता उरलेल्या कितीतरी घरांत भिंतीला भोक पाडून सळईचे आरपार दुवे घातले गेले. सिमेंटचा गिलावा यातलं काहीच करत नाही. तो भिंतीच्या तोंडाला लागतो, पोटाला बांधत नाही. तेव्हा भूकंपाची काळजी खरी असेल तर पैसा आरपार दगडांवर आणि पट्ट्यावर जायला हवा, गिलाव्यावर आणि स्लॅबवर नाही. इथे सिमेंटला माझा विरोध नाही, हेही सांगून टाकतो. जिथे ताण झेलायचा आहे तिथे ते वापरावंच.

भिंत सिमेंटने झाकण्याच्या बरोब्बर उलटी चूकही आता फोफावते आहे. शहरातून येऊन जागा घेणाऱ्यांना आणि पर्यटकांसाठी घरं थाटणाऱ्यांना जुनेपणा दिसायला हवा असतो. मग गिलावा सगळाच खरवडून काढायचा, दगड उघडे करायचे, सांध्यांत काळं सिमेंट भरायचं आणि वर चकाकणारं पॉलिश. छायाचित्रात ते फार देखणं येतं. पण ज्या भिंतीला बांधणाऱ्याने गिलावा दिला होता ती उघडी राहायला बांधलेलीच नव्हती. या चुकीचं सगळ्यात मोठं उदाहरण जुन्या गोव्यात उभं आहे. १६०५ साली पूर्ण झालेल्या बॉम जेझस बॅसिलिकावरचा चुन्याचा गिलावा १९५०च्या दशकात पोर्तुगीज वास्तुविशारद बाल्ताझार काश्त्रू यांच्या देखरेखीखाली काढला गेला, इमारत अधिक प्राचीन दिसावी म्हणून. तेव्हापासून आतला जांभा पावसात झिजतो आहे आणि पुन्हा गिलावा द्यावा का, यावर आजही वाद चालू आहे. आज ती तांबडी भिंतच लोकांना मूळची वाटते. आपला काळा दगड जांभ्यासारखा झिजणार नाही, पण त्यामधली माती नक्की वाहून जाईल. घराला रूप असतं ते त्याच्या रचनेतून आलेलं असतं. रूप ठेवून रचना मोडली की उरतो तो देखावा.

पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांची कहाणी पाहिली तर चुकीच्या दुरुस्तीचा दोष मोठ्या आकारात दिसतो, आणि त्याच्या मागे कायद्याचा हातही दिसतो. १९४७च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठवली. १९९९च्या महाराष्ट्र कायद्यानेही जुन्या भाडेकरूंच्या बाबतीत फार फरक पडला नाही. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला करण्याचं कारण नाही. मग जिथे गळलं तिथे सिमेंटचं ठिगळ, जिथे वाकलं तिथे लोखंडी टेकू. दर पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना नोटिसा निघतात. विश्रामबागवाडा, नानावाडा असे मोजके वाडे महापालिकेच्या ताब्यात असल्यामुळे जतन झाले. बाकीच्या सामान्य वाड्यांना ऐतिहासिक म्हणावं एवढा मान नाही आणि पाडू नये म्हणावं एवढं संरक्षण नाही. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहराने यावर एक साधी रेघ ओढली : ठरवून दिलेल्या जुन्या वस्त्यांमध्ये १९४६पर्यंत बांधलेलं घर पाडायचं तर परवानगी हवी. घर कुणा थोराचं असण्याची अट नाही. मागच्या बाजूला नवं स्वयंपाकघर, नव्या खोल्या वाढवायला मोकळीक आहे. आपल्याकडे वारसा म्हटलं की राजवाडा किंवा किल्ला डोळ्यांपुढे येतो. जुलै २०२५मध्ये राजगड इतर अकरा किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, आणि पासली ज्या तालुक्यात आहे त्या वेल्ह्याला आता राजगड हेच नाव आहे. गडावर चुना वापरला जावा याबद्दल आता कुणाचं दुमत नसतं. गडाच्या पायथ्याची घरं त्याच दगडाची, त्याच चुन्या-मातीची आहेत. त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही.

उरते पैशाची आणि सोयीची हरकत. चुना महाग पडतो, गवंडी मिळत नाही, वेळ लागतो. सगळं घर चुन्याचं करायचं ठरवलं तर हे खरं आहे. तशी गरज नसते. पावसाच्या तोंडाच्या भिंतींना बाहेरून चुना, बाकी बाहेरच्या भिंतींना चुना मिसळलेली माती, आतून साधा मातीचा गिलावा आणि वर चुन्याची सफेदी, एवढ्यात बहुतेक घरं भागतात. माती घराजवळची, पेंढा शेतातला. मजुरी जास्त, साहित्य कमी, म्हणजे पैसा बराचसा गावातच राहतो. किल्ल्यांच्या जतनकामांमुळे चुन्यात हात बसलेले गवंडीही पुन्हा तयार होऊ लागले आहेत. संडास, न्हाणी, ओट्याचं स्वयंपाकघर यांना नाही म्हणायचं कारणच नाही. वयस्क आई-वडलांनी रात्री परसात जावं असं कुणी म्हणू नये. फक्त ही पाण्याची कामं जुन्या भिंतीला चिकटवून न करता परसदारी स्वतंत्र पायावर करावीत, सिमेंटमध्ये करावीत, आणि मध्ये झाकलेली वाट ठेवावी. जुन्या घरातही न्हाणीघर बाजूलाच असायचं, त्याला कारण होतं. माजघरात उजेड हवा तर भिंत फोडण्याआधी कौलांमध्ये चार काचेची कौलं बसवून पाहावीत.

ज्यांनी आधीच सिमेंट लावलं आहे त्यांच्यासाठी वेळापत्रक महत्त्वाचं आहे. गिलावा दिवाळीनंतर उतरवायचा, घणाने नाही, लहान छिन्नीने, वरून खाली, म्हणजे दगडांची तोंडं आणि उरलेले सांधे शाबूत राहतात. लोणा ब्रशने कोरडाच झाडायचा. पाण्याने धुतला तर तो परत आत जातो. खांबांभोवतीची फरशी वीतभर कापून तळखडा मोकळा करायचा. मग घाई न करता भिंत उघडी ठेवायची. अडीच फुटांची भिंत आठवड्यात सुकत नाही, तिला माघ-फाल्गुनातली कोरडी हवा पुरी मिळावी लागते. हाताला गार लागेनाशी झाली आणि सांध्यातली माती बोटाखाली भुरभुरू लागली की दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरायला घ्याव्यात, आणि गिलाव्याचे थर चैत्रात, भर दुपारचं ऊन टाळून, ओलं पोतं धरून द्यावेत. चुना आवळायला काही आठवडे घेतो. वळिवाचा पहिला पाऊस मेमध्ये येतो. त्याआधी वळचण पुन्हा दोन फूट बाहेर आलेली असावी, घरामागची चर उघडी असावी आणि पश्चिमेच्या भिंतीसाठी झाप विणून पडवीत ठेवलेले असावेत.